खोगीरभरतीची प्रतिष्ठा

मराठी भाषेने एखाद्या वस्तूवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय केला असेल, तर तो खोगिराच्या पोटात भरल्या जाणाऱ्या मालावर होय. व्यासपीठावर अकारण बसवलेले पाहुणे, दिवाळी अंकात दोन जाहिरातींच्या फटीत कोंबलेल्या कविता आणि समितीवर केवळ गणपूर्तीसाठी घेतलेले सभासद या सर्वांना सरसकट ‘खोगीरभरती’ म्हणण्याची रूढी इतकी पक्की झाली आहे की, ती पाडणाऱ्यांनी एखादे खोगीर कधी उलटे करून पाहिले होते काय, हा प्रश्नही कोणास सुचत नाही. खोगीर हा शब्द फारसीतून आला असून घाम टिपणारी वस्तू असा त्याचा मूळ अर्थ आहे. म्हणजे ज्या भाषेने हा शब्द दिला, तिने या वस्तूकडे खालच्या घोड्याच्या बाजूने पाहिले होते. मराठीने तो शब्द घेतला, पेशवाईभर दामटला आणि घोडदळे मोडल्यावर त्यातील भरतीची नालस्ती तेवढी जपून ठेवली. जुन्या, वापरलेल्या, दोन-तीन मालकांच्या हातून फिरून बाजारात आलेल्या इंग्रजी खोगिरांचा अभ्यास हा या नालस्तीवरचा उत्तम उतारा आहे, कारण त्या वस्तूत जे मोलाचे असते ते सगळे आत आणि खाली असते, आणि वर जे तकतकीत चामडे दिसते त्यालाच खोगीरभरती म्हणणे अधिक न्याय्य ठरावे.

‘इंग्रजी खोगीर’ ही संज्ञा येथे विशिष्ट अर्थाने वापरली आहे. अमेरिकेतील गुराख्यांच्या खोगिराला दोर गुंडाळण्यासाठी पुढे शिंगासारखा एक खुंट असतो. इंग्रजी खोगिराला तो नसतो. इंग्लंडातील कोल्ह्याच्या शिकारीत कुंपणे आणि चर ओलांडत भरधाव जाणाऱ्या स्वारांच्या सोयीने हे खोगीर घडत गेले, त्यामुळे त्याच्या अंगावर अनावश्यक असे काहीच उरले नाही. संकटसमयी धरायलाही काही उरले नाही, आणि ज्याला काही धरावेसे वाटते त्याची मांड कच्ची, असा निकाल देऊन तेथील लोक मोकळे झाले. पुढे घोड्याच्या मानेच्या बुडाशी असलेल्या हाडाच्या उंचवट्यावरून जाणारी कमान, मागे स्वाराच्या पाठीखाली उचललेली कड, मध्ये बैठक, दोन्ही अंगांना छपराच्या पाख्यांसारखे उतरणारे चामडी पदर आणि या सगळ्याखाली घोड्याच्या पाठीला टेकणाऱ्या दोन लांबट गाद्या, एवढाच त्याचा संसार असतो. पाय ठेवायची रिकीब आणि पोटाखालून आवळायचा तंग ही जोडसामग्री बहुधा वेगळी विकली जाते, आणि ती ‘खोगिरासोबत मोफत’ मिळत असेल तर खोगिराकडे दुप्पट संशयाने पाहावे.

अशी खोगिरे बाजारात येतात त्याची कारणे फारशी रहस्यमय नसतात. घोडा म्हातारा होतो, मुलगी मोठी होऊन तिला तट्टू लहान पडते, आजोबा जातात, तबेल्याची जागा विकली जाते आणि खोगीर मात्र माळ्यावर राहते. कारण घोड्याला दाणापाणी लागते, खोगिराला लागत नाही. हाताने शिवलेल्या नव्या खोगिराला इंग्लंडात हजारो पौंड मोजावे लागत असल्यामुळे माळ्यावरच्या मालाला गिऱ्हाईक असतेच. या व्यवहारातील जाहिरातींची भाषा मराठी वाचकाला चांगली परिचित वाटावी, कारण ती वधूवरसूचक सदरांतील भाषेची सख्खी बहीण आहे. ‘थोडी डागडुजी आवश्यक’ याचा अर्थ शिवण उसवली आहे, ‘वयाच्या मानाने सुस्थितीत’ याचा अर्थ वय सांगितले जाणार नाही, ‘संग्राह्य’ याचा अर्थ त्यावर बसता येणार नाही, आणि ‘हौशी गिऱ्हाइकास योग्य’ याचा अर्थ जाणत्या गिऱ्हाइकाने ते आधीच पाहून परत ठेवले आहे, असा घ्यावा लागतो. छायाचित्रे वरूनच काढलेली असतात. जाणकार मात्र खोगीर हाती येताच प्रथम ते उपडे करतो, आणि तेवढ्या एका कृतीवरून विक्रेत्याला कळून चुकते की आज भाव वाढवून सांगण्यात अर्थ नाही.

खोगिराच्या अंतर्भागी एक सांगाडा असतो. इंग्रज त्याला ‘ट्री’, म्हणजे चक्क झाडच म्हणतात, आणि तो जुन्या खोगिरात बीच नावाच्या वृक्षाच्या लाकडाचाच असल्यामुळे त्यांची चूक काढता येत नाही. पुढे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटवून आणि त्यांना पोलादाचा आधार देऊन तो घडवला जाऊ लागला. नंतर त्याच्या लांबीत दोन लवचीक पोलादी पट्ट्या बसवण्याची युक्ती निघाली आणि जे ताठ होते ते किंचित लवू लागले. या सांगाड्यावर पुढून मागे नवार ताणलेली असते, तिच्यावर थोडी लोकर आणि तिच्यावर बैठकीचे चामडे. म्हणजे ज्याने नवारीची खाट पाहिली आहे त्याने इंग्रजी खोगिराचे अर्धे रहस्य पाहिलेच आहे. खाट आणि खोगीर यांतला फरक एवढाच की, खाटेचा पाय मोडला तर निजणारा तेवढा पडतो, आणि खोगिराचा सांगाडा मोडला तर स्वाराला पुष्कळदा त्याचा पत्ताही नसतो; त्याचे टोक घोड्याच्या पाठीत रुतत राहते आणि घोडा लाथा का झाडतो याची चर्चा घोड्याच्या स्वभावदोषांपासून सुरू होऊन त्याच्या मातृकुळापर्यंत जाते.

हा सांगाडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची परीक्षा नाडीपरीक्षेसारखी हातानेच करावी लागते. खोगिराची पुढची कमान स्वतःच्या मांड्यांशी टेकवून मागची कड दोन्ही हातांनी अंगाकडे ओढायची, ही पहिली कसोटी होय. साध्या सांगाड्याचे खोगीर जवळजवळ हलत नाही. लवचीक सांगाड्याचे थोडे लवते आणि हात सैल करताच आपल्या जागी परतते. मोडलेले मात्र पोथी मिटावी तसे मधोमध मिटू लागते, आणि बैठकीवर आडवी खोल वळी पडते. दुसरी कसोटी कमानीची. तिचे दोन्ही पाय हातांनी धरून ते दाबून आणि फाकवून पाहायचे. त्यातून कटकट ऐकू आली किंवा काही सरकल्याचे जाणवले तर पुढील परीक्षा घेण्याची गरज राहत नाही. तिसरी कसोटी सुताराची, म्हणजे खोगीर समोर धरून एक डोळा मिटायचा आणि मागील कडेच्या मध्यापासून कमानीच्या मध्यापर्यंतची रेषा सरळ जाते की नाही ते पाहायचे. वर्षानुवर्षे एकाच बाजूने, जमिनीवरूनच रिकिबीला लोंबकळून घोड्यावर चढणाऱ्या स्वारांनी पुष्कळ खोगिरे पिळवटून ठेवलेली असतात. मोडलेला सांगाडा बदलता येतो, पण त्यासाठी खोगीर पूर्ण उसवून पुन्हा शिवावे लागते आणि तो खर्च बहुधा खोगिराच्या किमतीलाच गिळून टाकतो. कमान वाकवून पाहण्यास विक्रेत्याने हरकत घेतली, तर परीक्षा झाली असे समजून निघावे.

यानंतर दृष्टी वळवायची ती दोन क्षुद्र वस्तूंकडे. पहिली, रिकिबीचा पट्टा ज्या लोखंडी दांडीला अडकवतात ती दांडी. ती चामड्याच्या झाकणीखाली लपलेली असते आणि चांगल्या खोगिरात तिच्यावर ती घडीव असल्याचा शिक्का मारलेला आढळतो. लोखंड ठोकून घडवलेली ती घडीव, आणि वितळवून साच्यात ओतलेली ती ओतीव, जी आयत्या वेळी कडकन तुटू शकते. या दांडीच्या मागच्या टोकाला बिजागरीची एक छोटी खिटी असते. ती वर लावली की पट्टा निसटत नाही, आणि म्हणूनच ती लावू नये असे जाणते लोक सांगतात. कारण स्वार पडला आणि त्याचा पाय रिकिबीत अडकला, तर पट्टा निसटणे हीच त्याच्या आयुष्याची दोरी बळकट असल्याची खूण असते. वापरायची नसलेली खिटी शतकभर का बनवत राहिले, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी सरकारी नमुन्यातील रकान्यांचा विचार करावा. दुसरी वस्तू म्हणजे तंग अडकवायचे तीन पट्टे. तीनपैकी पहिला पट्टा एका स्वतंत्र नवारीला शिवलेला असतो आणि उरलेले दोन दुसऱ्या नवारीला सामाईक असतात, म्हणून तंगाचा एक बंद पहिल्या पट्ट्याला आणि दुसरा उरलेल्या दोहोंपैकी एकाला बांधायचा, म्हणजे एक नवार तुटली तरी दुसरीवर निभावते. ही योजना इतकी साधी आहे की बहुतेक मालकांच्या लक्षात येत नाही. ज्या खोगिराची बैठक आरशासारखी घोटलेली आणि हे पट्टे मात्र वाळून तडकलेले, त्याचा मालक दिवाणखान्याला रंग देऊन स्वयंपाकघराकडे दुर्लक्ष करणाऱ्यांपैकी होता, असे अनुमान काढण्यास हरकत नाही. पट्टे नवे घालता येतात आणि त्यास फार खर्चही येत नाही. मात्र भोके लांबट झालेली, शिवण सुटत आलेली आणि दुमडताच भेगा दाखवणारी पट्ट्यांची जोडी तशीच ठेवून तंग आवळणे हे धैर्याचे लक्षण मानता येत नाही.

आता मूळ विषय, म्हणजे भरती. खोगिराच्या तळाशी असलेल्या दोन गाद्यांत लोकर भरलेली असते, आणि स्वाराचा सगळा भार त्या लोकरीमार्फत घोड्याच्या पाठीवर वाटला जातो. मधोमध दोन-तीन बोटे रुंदीची एक मोकळी गल्ली ठेवलेली असते, जेणेकरून कण्यावर काहीही टेकू नये. जुन्या खोगिरांत या गाद्यांना चामड्याऐवजी लोकरीचे जाड सर्ज कापड लावलेले आढळते आणि कित्येकदा त्यावर घट्ट विणीच्या तागी वस्त्राचे आवरण असते. सर्ज घाम उत्तम टिपते, म्हणजे फारसी शब्दाला जागते, पण टिपलेला घाम ते जन्मभर विसरत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या पावसाळी शिकारीचा वास आजही ज्यातून येतो, अशी खोगिरे दुर्मीळ नाहीत. आतली लोकर कालांतराने दबते, तिच्या गाठी होतात, आणि ज्या घरात कापसाची गादी दहा वर्षे पिंजली गेली नाही तेथे निजणाऱ्याला जो अनुभव येतो तोच, वर साठ-सत्तर किलोंच्या माणसासह, घोड्याला येतो. घोड्याला कूस बदलता येत नाही एवढेच. अशा वेळी खोगीर कारागिराकडे नेतात. तो गाद्यांच्या चिरांतून लांब लोखंडी सळीने लोकर सैल करतो, थोडी नवी घालतो, किंवा सगळी जुनी उपसून ताजी भरतो. आपल्याकडील पिंजाऱ्याचे हे कुलबंधूच होत; फरक इतकाच की, त्यांना दारोदार हिंडावे लागत नाही आणि गिऱ्हाईक रांग लावून थांबते. ही भरती हातांच्या तळव्यांनी दाबत पुढून मागे तपासायची असते. दोन्ही गाद्या सारख्या, भरीव आणि किंचित दबणाऱ्या असाव्यात. एका बाजूस डोंगर आणि दुसऱ्या बाजूस दरी लागली, तर आधीचा घोडा, आधीचा स्वार किंवा दोघेही वाकडे चालत होते हे निश्चित समजावे.

प्रसंगोपात्त एक नोंद आवश्यक आहे. खोगिराखाली घालायच्या आच्छादनाला इंग्रज ‘नम्ना’ म्हणतात आणि हा शब्द अस्सल विलायती असल्याच्या समजुतीत तेथील लहान मुले वाढतात. वास्तविक हा आपल्याकडे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडाला असलेला ‘नमदा’ हाच शब्द होय, जो गोऱ्या शिपायांच्या जिभेवर बसून मायदेशी गेला. बसताना तो थोडा घसरला, यात नवल नाही.

चामड्याविषयी फार बोलणे या लेखाच्या भूमिकेशी विसंगत ठरेल, तरी दोन गोष्टी टाळता येत नाहीत. जुन्या चांगल्या खोगिराची बैठक बहुधा डुकराच्या कातड्याची असते आणि ते ओळखण्याची खूण निसर्गानेच करून ठेवली आहे. डुकराचे केस तीन-तीनच्या पुंजक्यांनी उगवतात, त्यामुळे कातड्यावर तीन-तीन बारीक छिद्रांचे त्रिकोणी पुंजके दिसतात. ते थोडे विस्कळीत दिसले तर विश्वास ठेवावा. कवायतीला उभे केल्यासारखे एका मापाने मांडलेले दिसले, तर गाईच्या कातड्यावर यंत्राने ठसे उमटवल्याची शक्यता ध्यानात घ्यावी. दुसरी गोष्ट शिवणीची. हातशिवणीत मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि त्या एकाच छिद्रातून समोरासमोर ये-जा करतात, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचा जागा सोडत नाही. यंत्राच्या शिवणीत एक तुटला की पुढचे त्याच्या मागोमाग राजीनामे देऊ लागतात. पॅरिसच्या हर्मेस या पेढीने १८३७ मध्ये घोड्यांच्या साजापासून सुरुवात केली आणि हाच टाका पुढे बायकांच्या पिशव्यांवर घालून जी कीर्ती मिळवली ती सर्वश्रुत आहे. त्या पिशव्यांपैकी सर्वांत जुन्या नमुन्यात मुळात खोगीर वाहून नेले जाई. आज त्या पिशवीच्या किमतीत खोगीर, घोडा आणि मोतद्दार हे तिन्ही मिळू शकतील.

चामड्याचा खरा शत्रू वय नाही, ममता आहे. माळ्यावरून खाली आलेले खोगीर कोरडे दिसले की नव्या मालकाच्या मनात वात्सल्य दाटते आणि तो जनावरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल त्यावर अभ्यंगस्नानाच्या मापाने ओततो. परिणामी चामडे काळवंडते, लिबलिबीत होते, शिवणीचा दोरा कुजू लागतो आणि पुढील दोन वर्षे पांढऱ्या विजारीवर खोगिराचा नकाशा उमटत राहतो. साबणाने हलक्या हाताने पुसणे आणि थोड्या तेलाने बेताबेताने मऊ करणे पुरते. जे चामडे चोळताच तांबूस भुकटी होऊन बोटांना लागते, त्याला मात्र कोणतेही तेल वाचवू शकत नाही. कात-सालींत कमावलेले जुने चामडे असे आतून विरून गेले की त्याचे और्ध्वदैहिकच उरते.

खोगीर कोणी केले, हा प्रश्न संगीतातील घराण्याच्या प्रश्नाइतकाच नाजूक आहे आणि त्यात तितकेच खोटे बोलले जाते. इंग्लंडच्या मध्यभागातील वॉल्सॉल हे गाव या विद्येची काशी. तेथील फुटबॉल संघालाही ‘सॅडलर्स’, म्हणजे खोगीरवाले, असेच म्हणतात, आणि त्यांच्या खेळाला कोणी खोगीरभरती म्हटले तर तो गौरव ठरावा. याच गावात १८५९ मध्ये जेरोम के. जेरोम या विनोदी लेखकाचा जन्म झाला, ज्याने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासपर पुस्तकात सायकलींच्या बैठकींची यथेच्छ रेवडी उडवली. जन्मगावाची विद्या रक्तात उतरल्याशिवाय बैठकीच्या दुःखाची इतकी सूक्ष्म जाण येत नाही. वॉल्सॉलच्या कारखान्यांत तयार झालेली खोगिरे लंडनच्या आणि तालुक्याच्या गावांतील दुकानदारांनी घ्यावीत आणि त्यांवर आपापल्या नावाचे ठसे मारावेत, अशी जुनी चाल होती. त्यामुळे झाकणीखाली, पाख्यावर किंवा पितळी पट्टीवर जे नाव दिसते ते पुष्कळदा गुरूचे नसून जलशाच्या आयोजकाचे असते. क्रॉस्बी या नावाची खोगिरे वॉल्सॉलमध्ये घडत आणि न्यूयॉर्कच्या मिलर्स या दुकानामार्फत अमेरिकेत विकली जात. तिकडच्या एका पिढीला ती अमेरिकन वाटली, यात त्या पिढीचा दोष नाही. जर्मन घराण्यांत असा संकोच नसतो. १८६७ पासूनचे हॅनोव्हरचे पासिए आणि १८९४ मध्ये क्रेफेल्ड येथे सुरू झालेले श्ट्युबेन यांनी नाव, क्रमांक आणि माप असे उमटवले आहे की जणू खोगिराला पारपत्रच दिले आहे. श्ट्युबेनचे ‘सीगफ्रीड’ हे खोगीर तर पन्नास वर्षांनंतरही कुरकुर न करता काम करते. ते लाकडासारखे कडक आहे अशी तक्रार करणाऱ्यांना ते मऊ पडेपर्यंत टिकण्याची त्याची तयारी असते.

या घराण्यांच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसवले जाते ते कानपूर. ‘मेड इन इंडिया’ असा शिक्का दिसताच पाश्चात्त्य गिऱ्हाईक खोगीर खाली ठेवते, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे गेलेल्या स्वस्त मालाने ही अपकीर्ती बरीचशी कमावलेली आहे, हे कबूल केले पाहिजे. कागदासारखे चामडे आणि वाटेल तशी ठासलेली भरती यांचे समर्थन देशप्रेमानेही करता येत नाही. तथापि इतिहास थोडा उपरोधिक आहे. कानपूरजवळच्या बिठूरहून नानासाहेब पेशव्यांनी १८५७ चा उठाव केला, आणि तो मोडल्यानंतरच्या काळात त्याच कानपुरात इंग्रज सरकारने आपल्या फौजेसाठी खोगिरे आणि साज बनवण्याचा कारखाना चालवला. म्हणजे ज्या गावाने इंग्रजांना घोड्यावरून उतरवण्याचा प्रयत्न केला, त्याच गावाने पुढे त्यांची बैठक शिवली. कानपूरच्या खोगिरांना आज भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि तेथील चांगल्या कारखान्यांचा माल हाताळल्याशिवाय केवळ शिक्क्यावरून निकाल देणे हे वॉल्सॉलच्या ठशाला भुलण्याइतकेच उथळपणाचे आहे.

खोगिराचे वय त्याच्या आकारावरून कळते. जुने शिकारी खोगीर जवळजवळ सपाट असते आणि त्याची पाखी सरळ खाली उतरतात, कारण त्या काळचा इंग्रज गृहस्थ कुंपणावरून उडी घेताना पाय पुढे ताणून मागे रेलून बसे, म्हणजे आरामखुर्ची घोड्यावर नेल्याचा भास होई. जुन्या शिकारचित्रांत हे दृश्य मोठ्या अभिमानाने रंगवलेले असते. फेडेरिको काप्रिली या इटालियन घोडदळातील अधिकाऱ्याने हे घोड्यावर ओझे टाकणे आहे असे सांगून, स्वाराने पुढे झुकून घोड्याच्या चालीबरोबर जावे हा विचार मांडला आणि १९०२ मध्ये तुरीन येथे २.०८ मीटरची उडी मारून दाखवली. ज्याने जगाला घोड्यावर नीट बसणे शिकवले, तो १९०७ मध्ये घोड्यावरून पडूनच वारला, ही गोष्ट त्याच्या जुन्या पद्धतीच्या विरोधकांनी कशी ऐकली असेल याची कल्पना करता येते. त्याच्या विचाराप्रमाणे पाखी पुढे वळली, गुडघ्यांना टेकू आले आणि बैठक खोल झाली. मिलानच्या पारियानींची आणि पुढे काउंट तोप्तानी यांच्या आराखड्याची खोगिरे ही या बदलाची ठळक उदाहरणे होत. इंग्लंडने हा बदल स्वीकारला, पण आपल्या खास वेगाने. म्हणून सपाट, सरळ पाख्यांचे खोगीर दिसले तर ते फार जुने असेल किंवा फार जुन्या विचारांच्या माणसासाठी केलेले असेल. लष्करी खोगिरांची गोष्ट सोपी आहे. त्यांवर सरकारी मालकीची बाणाच्या टोकाची खूण असते, १९०२ आणि १९१२ चे नमुने वारंवार आढळतात, आणि ती सुंदर दिसावीत अशी अपेक्षा कोणी केलेली नसल्यामुळे ती कोणाचा अपेक्षाभंगही करीत नाहीत.

जुन्या मालातील खरे रत्न मात्र स्त्रियांचे एकांगी खोगीर होय. दोन्ही पाय एकाच बाजूस सोडून बसणाऱ्या इंग्रज स्त्रियांसाठी त्याला दोन वाकडे आधार असतात. एकावर उजवी मांडी अडकते आणि दुसरा डाव्या मांडीवरून खाली वळतो. हा दुसरा आधार १८३० च्या सुमारास आला आणि स्त्रिया एकाएकी पुरुषांइतक्याच उंच उड्या मारू लागल्या, ही गोष्ट शोधकाच्या लक्षात आली असली तरी पुरुषांनी सावकाश मान्य केली. घागरा अडकून स्त्री फरपटत जाऊ नये यासाठी आपोआप सुटणाऱ्या रिकिबींच्या नाना युक्त्या निघाल्या. घागऱ्याचे काहीतरी करावे असे मात्र दीर्घकाळ कोणास सुचले नाही. नऊवारीचा कासोटा मारून दोन्ही पाय दोन बाजूंना टाकणाऱ्या मराठी स्त्रियांना हा सगळा खटाटोप द्राविडी प्राणायाम वाटला असता. तरी वस्तू म्हणून ही खोगिरे अप्रतिम आहेत. लंडनच्या चॅम्पियन अँड विल्टन, मेह्यू आणि ओवेन या तीन कारखान्यांची युद्धपूर्व खोगिरे आजही स्पर्धांत वापरली जातात, आणि या एका प्रकारात ‘नव्यापेक्षा जुने बरे’ हे वाक्य केवळ आजोबांचे मत राहत नाही.

मापाविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. बैठकीचे माप कमानीच्या बाजूस असलेल्या बटणासारख्या खिळ्यापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत घेतात आणि ते इंचांत सांगतात. जुन्या खोगिरांत सोळा, साडेसोळा ही मापे सर्रास आढळतात, तर आजच्या प्रौढ गिऱ्हाइकाची चौकशी सतरापासून सुरू होते आणि तेथे फार वेळ थांबत नाही. घोड्यांचेही तसेच झाले आहे. जुन्या शिकारी घोड्याच्या अरुंद पाठीसाठी केलेल्या कमानी आजच्या रुंद पाठीच्या घोड्यांवर बसत नाहीत, चिमटा काढतात. म्हणजे शतकभरात वरचा आणि खालचा असे दोघेही रुंदावले आणि मधला जिथल्या तिथे राहिला. तरीही दोष त्याच्याच माथी मारला जातो. कमानीखाली, स्वार बसल्यानंतरही, दोन-तीन बोटे जावीत, ही साधी कसोटी आहे, आणि ती दुकानात लाकडी घोड्यावर न करता ज्या घोड्यासाठी खरेदी करायची त्याच्यावरच करावी लागते. नालासाठी घोडे घेतल्याच्या गोष्टी आपल्याकडे सांगतात. खोगिरासाठी घोडे घेतल्याची उदाहरणे इंग्लंडात खरोखर घडतात, आणि ती घेणारे आपण फायद्यात राहिलो असे समजतात.

ज्यांचा सांगाडा मोडलेला आहे अशी खोगिरेही विकली जातात. कोणी त्यांना चार पाय लावून मद्यगृहातील उंच आसने करतो, कोणी ती बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगतो, आणि पाहुण्यांना ती आजोबांची होती असे सांगतो. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, कारण भिंतीला पाठ दुखत नाही. अडचण पुढच्या पिढीत येते. भिंत विकली जाते, खोगीर उतरते, ‘वयाच्या मानाने सुस्थितीत’ अशा वर्णनासह पुन्हा बाजारात येते आणि कोणीतरी ते एखाद्या बिचाऱ्या तट्टाच्या पाठीवर चढवतो. ज्यांच्याकडे असे खोगीर असेल, त्यांनी ते शोभेसाठी कोणास देण्यापूर्वी तंगाचे तिन्ही पट्टे दोन्ही बाजूंनी मुळापासून कापून टाकावेत.